एप्रनवरचा ओरखडा

गोव्याच्या विमानाची वाट बघत मी आपल्या सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावर काचेशी उभी होते. ऑक्टोबरचं ऊन होतं, बाहेर एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेत, काँक्रीटवरची हवा हलताना दिसत होती. विमान आलं, वळलं, उभं राहिलं. पंख्याचं गरगरणारं धुरकट वर्तुळ हळूहळू विरलं आणि त्यातून एकेक पातं वेगळं दिसायला लागलं. तेवढ्यात एका बाजूने सामानाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर निघाला. विमानापासून अजून चांगला लांब होता, पुढे माणूस नाही, गाडी नाही, काही नाही, आणि तो मध्येच थांबला. पूर्ण थांबला. चालवणाऱ्याने खाली पायाकडे पाहिलं, समोर पाहिलं आणि मग माणूस चालेल इतक्या हळू पुढे आला. जवळ आल्यावर परत थांबला. खाली उभ्या असलेल्या माणसाने हात करेपर्यंत जागचा हलला नाही. माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते. त्यांना गोव्यात पोचायची घाई असावी. ते काचेला तोंड लावून म्हणाले, "चल की बे, कशाला थांबायलास?"

ते सहज म्हणाले. आपण सगळेच म्हणतो, सात रस्त्याला सिग्नलवर, रेल्वे फाटकापाशी, बँकेच्या रांगेत. पण ते थांबणं माझ्या डोक्यातून जाईना. वाट चुकलेला माणूस थांबतो तसा तो थांबला नव्हता. ठरलेल्या जागी, ठरलेल्या कामासाठी थांबला होता. ते काम काय होतं, हे मात्र मला कळलं नव्हतं.

विमानात बसायला आम्ही चालत गेलो. प्लास्टिकच्या केशरी कोनांनी वाट आखून दिली होती आणि वाटेवर एक मुलगी दोन्ही हात पसरून उभी होती, कुणी आत सरकू नये म्हणून. ह्या एटीआर विमानाचं दार मागे, शेपटीजवळ असतं आणि सामानाचं दार पुढे, वैमानिकाच्या मागे. दोन्ही एकाच बाजूला, डावीकडे. मधे पंखा. एका बाईंना पंख्यासोबत फोटो हवा होता. त्या दोन पावलं वाकड्या वाटेने गेल्या आणि ती मुलगी इतक्या जोरात ओरडली की सगळी रांग दचकली. बाई रागावल्या. "बंदच आहे की तो," म्हणाल्या. मुलीने उत्तर दिलं नाही, नुसता हात तसाच धरला. विमानाच्या शेपटीखाली एक दांडा टेकवून ठेवलेला होता. तो कशाला, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. आत जाऊन खिडकीशी बसले, पण नजर ढगांकडे लागेना. खाली पळणाऱ्या त्या माणसांकडेच लागली होती.

आमच्या शेजारच्या वहिनींचा धाकटा एका मोठ्या शहरातल्या विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे उभ्या विमानाची जमिनीवरची कामं करणाऱ्यांत, आहे. आधी लोडर म्हणून लागला, आता बेल्ट लोडर, म्हणजे सामान वर चढवणाऱ्या पट्ट्याची गाडी, आणि टग, म्हणजे ओढणारा-ढकलणारा ट्रॅक्टर, चालवतो. गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, दरवर्षी सुट्टी काढून येतोच येतो, बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मिरवणुकीत पायी फिरतो आणि भोगीच्या दिवशी आईच्या हातची बाजरीची भाकरी खाऊन झाली की आमच्या कट्ट्यावर येऊन बसतो. यंदा आला तेव्हा मी त्याला पहिलं तेच विचारलं. ट्रॅक्टर मध्येच का थांबला?

तो हसला. "काकू, ते ब्रेक बघायला. विमानाच्या जवळ जायच्या आधी गाडी पूर्ण उभी करायची. ब्रेक लागतोय का, ते लांब असतानाच कळायला पाहिजे. जवळ गेल्यावर कळून काय उपयोग?" आणि दुसऱ्यांदा थांबला ते? "ते गाइडसाठी. खालच्या माणसाने हात केल्याशिवाय विमानाला गाडी लावायची नाही. बसलेल्याला टोक दिसत नाही ना." मग तो एकेक सांगत गेला. विमानाच्या पोटावर आणि पाठीवर लाल दिवा लुकलुकत असतो, तो विझेपर्यंत कुणी पुढे व्हायचं नाही. तो चालू आहे म्हणजे इंजिन चालू आहे असंच धरायचं. चाकांना चोक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लागले की मग कोन मांडायचे, पंखाच्या टोकाशी, इंजिनाशी, शेपटीशी. त्यानंतर गाड्या. मागे घ्यायची असेल तर मागे माणूस उभा पाहिजे. पंखाखालून शॉर्टकट नाही. ट्रॉली सोडली की तिचा ओढायचा दांडा वर उभा करायचा, म्हणजे ब्रेक लागतो. दांडा खाली राहिला तर वाऱ्याने ट्रॉली सुटते. आपल्याकडे ज्येष्ठात कसला वारा सुटतो ते माहीतच आहे. शेपटीखालचा दांडा कशाला, तेही सांगितलं. पुढचं सामान काढून झालं आणि सगळी माणसं मागच्या दाराशी गोळा झाली तर एटीआर मागे बसू शकतं, शेपूट टेकते. म्हणून तो आधार. आणि त्या बाईंचा पंखा? ह्या विमानात काही वेळा उजवं इंजिन चालूच ठेवतात, फक्त त्याचा पंखा ब्रेक लावून धरून ठेवतात, म्हणजे आत वीज आणि थंड हवा मिळत राहते. "बाहेरून बघणाऱ्याला थांबलेला पंखा दिसतो," तो म्हणाला, "आतलं कुठे दिसतंय?"

हे ऐकताना मला आपल्या गावाची गंमत वाटत होती, आणि थोडं वाईटही. विमानतळ म्हटलं की आपण इतकी वर्षं एकाच गोष्टीवर बोललो. चिमणी. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी किती उंच, ती पाडावी की ठेवावी, कामगारांचं काय, उसाचं काय. १५ जून २०२३ ला ती पडली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी डोळे पुसले, आणि एकाच घरातल्या माणसांनी दोन्ही केलं. त्या काळात आपण सगळेच धावपट्टीचे, उंचीचे, उतरायच्या कोनाचे जाणकार झालो होतो. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान एकदाचं सुरू झालं तेव्हाही सगळ्यांच्या माना वरच होत्या. विमानाला धोका आकाशात असतो, असं आपण मनाशी धरून चाललो होतो. उभ्या विमानाला काय होणार?

उभ्या विमानाला पुष्कळ होतं. वहिनींच्या मुलाने सांगितलं तसं मी नंतर वाचत गेले. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन ह्या संस्थेचा एक जुना, नेहमी उद्धृत होणारा अंदाज आहे: जगभरात वर्षाला सुमारे २७,००० अपघात आणि बारीकसारीक घटना ह्या विमानं उभी राहतात त्या जागेत होतात, म्हणजे साधारण हजार उड्डाणांमागे एक. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयएटीए म्हणते की जमिनीवर होणाऱ्या ह्या नुकसानाचा खर्च २०३५ पर्यंत वर्षाला दहा अब्ज डॉलरच्या घरात जाईल. उभ्या विमानाला धडकणाऱ्या गाड्यांची नावंही त्यांनी दिली आहेत: बेल्ट लोडर, कार्गो लोडर, प्रवाशांच्या शिड्या, एरोब्रिज. विमानाच्या सेवेला आलेल्याच सगळ्या गाड्या. आपल्याकडचीही उदाहरणं आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये कोलकात्याला पहाटे प्रवाशांची एक रिकामी बस उभ्या एटीआरवर जाऊन आदळली, चालकाला डुलकी लागली असावी असं तेव्हा छापून आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीत एका कंपनीची गाडी दुसऱ्या कंपनीच्या विमानाच्या नाकाखाली शिरली, पुढच्या चाकाला लागता लागता राहिली. एप्रिल २०२५ मध्ये बंगळुरूला एक टेम्पो ट्रॅव्हलर बंद ठेवलेल्या विमानाखाली घुसला आणि त्याचं छप्पर चेपलं. तिन्ही वेळा विमान जागेवर उभं होतं.

पहाटेची वेळ आणि डुलकी, ह्यावर माझं मन फार वेळ अडकलं. कारण वहिनींचा मुलगा जेव्हा नाइट करून घरी फोन करतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात शब्द मागेपुढे होतात. मोठ्या विमानतळावर एक विमान आलं की त्याच्याभोवती दहा-पंधरा गाड्या जमतात. शिडी, बेल्ट लोडर, ट्रॉल्यांची रांग, इंधनाची गाडी, जेवणाची गाडी जी कात्रीवर वर उचलली जाते, पिण्याच्या पाण्याची, संडास उपसणारी, वीज देणारी, आणि शेवटी मागे ढकलणारा टग. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटपून विमान परत गेलं पाहिजे. उभं विमान पैसे मिळवत नाही. उशीर झाला तर त्या उशिराला कोड लागतो, कुणामुळे झाला त्याचा. इंधनवाल्यामुळे, सामानवाल्यामुळे, साफसफाईमुळे. तो कोड आपल्या नावावर चढू नये म्हणून प्रत्येक गाडी थोडी लवकर निघते, थोडी लांब थांबण्याऐवजी थोडी जवळ थांबते. कानाला मफ लावलेले, त्यामुळे हाक मारून उपयोग नाही, हातवारेच. डिझेलचा आणि केरोसीनचा वास नाकात बसलेला. उन्हाळ्यात काँक्रीट बुटाच्या तळव्यातून चटके देतं आणि पावसाळ्यात तेच काँक्रीट चकाकतं, ब्रेक दाबला तरी गाडी हातभर पुढे जाते.

आणि विमानाचं अंग किती नाजूक असतं, ह्याची मला कल्पनाच नव्हती. बाहेरून केवढं धिप्पाड दिसतं ते. पण ॲल्युमिनियमच्या विमानाची कातडी कित्येक ठिकाणी जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाड असते. जेट विमान उंचावर गेलं की आतली दाबलेली हवा त्या कातडीला बाहेर ढकलत असते, दर चौरस मीटरला पाच-सहा टनांच्या जोराने. प्रत्येक उड्डाणात ती थोडी ताणली जाते, उतरल्यावर सैल होते. जमिनीवर पडलेला छोटासा ओरखडा ह्या ताणात काय होऊन बसेल, हे डोळ्याने सांगता येत नाही. नव्या विमानांचं आणखी वेगळं. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० चं अंग कार्बन फायबरचं. धातूला ठोकर लागली की पोचा पडतो, निदान दिसतं तरी. कार्बनच्या थरांना लागलं तर वरून रंगही न उडता आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात. आपल्या एटीआर ७२ च्या पंखांचा बाहेरचा भागही कार्बनचाच आहे. म्हणजे जिथे काहीच दिसत नाही, तिथे ठोकर लागली होती हे माहीत असलेला माणूस एकच असतो. ज्याच्या हातून लागली तो.

त्याने सांगितलं नाही तर?

२६ डिसेंबर २००५. अमेरिकेत सिएटलला अलास्का एअरलाइन्सचं एक एमडी-८३ विमान उभं होतं. सामानाची गाडी लावताना एका कामगाराकडून विमानाला घासलं. तो काही बोलला नाही. विमान भरलं, निघालं, आणि सुमारे २६,००० फुटांवर गेल्यावर जिथे घासलं होतं तिथे फूटभर लांबीचं भोक पडलं. आतली हवा सुटली, मास्क खाली आले, वैमानिकांनी विमान झपाट्याने खाली आणून परत सिएटलला उतरवलं. आत शंभराहून जास्त माणसं होती आणि सगळी सुखरूप राहिली. नंतर त्या कामगाराने कबूल केलं, की हो, माझ्याकडून लागलं होतं. ही हकीकत वाचल्यावर पहिल्यांदा मला त्याचा रागच आला. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना परत आठवलं तेव्हा मात्र मी त्या माणसाजवळ जाऊन उभी राहिले, मनातल्या मनात. ख्रिसमसचा दुसरा दिवस, थंडी, घाई, विमानावर एक चीर. बोललो तर काय होईल, हे त्याला नक्की माहीत असणार. नाही बोललो तर कदाचित काहीच होणार नाही. असल्या हिशेबात माणूस "कदाचित"कडे झुकतो. मला तो हिशेब लहानपणापासून ठाऊक आहे.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात चेकिंगला होते. लांब टेबल, वर दोन ट्यूबलाइट, आणि त्यांचे दोन्ही तळहात चादरीवरून सरकत जायचे. नजर नंतर, हात आधी. सुटलेला दोरा, तेलाचा डाग, नक्षीत चुकलेलं एक टोक, त्यांच्या बोटांना ते अगोदर कळायचं. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचे आणि टेबलाच्या कडेशी बसायचे. मागांचा खडखडाट इतका असायचा की दोन माणसं बोलताना ओठ वाचायची. डॅमेज माल निघाला की विणणाऱ्याच्या पगारातून पैसे कापत. त्यामुळे चूक झाली की विणकर गप्प राहायचा आणि घडी घालताना डाग आत जाईल अशी घालायचा. वडिलांना सगळ्यात जास्त त्रास त्या आतल्या घडीचा व्हायचा. ते घरी आईला सांगत, एखाद्या चादरीला डाग पडला तर एक चादर जाते, त्याचं काही नाही. पण जकार्डचं, म्हणजे मागाला नक्षी सांगणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यांचं, एखादं पान फाटलं असेल तर तीच चूक पुढच्या प्रत्येक चादरीत उतरते. पहिल्या चादरीलाच विणकराने हाक मारली असती तर पान बदलून मोकळे झालो असतो. त्याने घडी आत घातली, आणि आता पन्नास चादरींची थप्पी डॅमेजला. एकदा वडील मालकांकडे जाऊन बोलले. स्वतःहून सांगेल त्याचे पैसे कापू नका, एवढंच. मालक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, मग सगळेच सांगत सुटतील. वडील घरी आले, चहा घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. सगळ्यांनी सांगत सुटावं, हेच तर त्यांना हवं होतं.

चादरीचा डाग गिऱ्हाइकाकडून परत येतो. विमानाचा डाग हवेत जातो. म्हणून विमानवाल्यांनी निदान कागदावर तरी हे ओळखलं आहे, की चुकून लागलं आणि स्वतः सांगितलं, तर माणसाला शिक्षा करायची नाही. मुद्दाम केलं, दारू पिऊन केलं, नियम धुडकावून केलं, तर गोष्ट वेगळी. जगभरच्या विमानवाहतुकीत हा विचार मानला जातो, प्रशिक्षणात शिकवला जातो. पण प्रशिक्षणाची खोली आणि रात्री अडीचचं एप्रन ह्यात अंतर आहे. कंत्राटदाराकडे लागलेला, पगार तुटपुंजा, पास रद्द झाला तर उद्या गेटच्या आत पाऊल टाकता येणार नाही अशी स्थिती, आणि समोर घड्याळ. त्या पोराने तिथे तोंड उघडावं अशी आपली अपेक्षा आहे. ती बरोबरच आहे. पण त्याने तोंड उघडलं की त्याच्याशी कोण कसं वागतं, ह्यावर पुढच्या दहा पोरांचं तोंड उघडणार की मिटणार, ते ठरतं.

वहिनींच्या मुलाने तोंड उघडलं होतं.

हे त्याने आपणहून सांगितलं नाही. अलास्काच्या विमानाचं मी बोलले तेव्हा तो एकदम गप्प झाला आणि मग म्हणाला, "माझ्याकडून पण लागलंय काकू." पावसाळ्यातली रात्र होती. बेल्ट लोडर लावत होता. गाइडने हात दाखवला, ह्याने ब्रेक दाबला, गाडी ओल्यावर सरकली आणि बेल्टच्या टोकाचं रबर सामानाच्या दाराखाली टेकलं. "आवाजसुद्धा आला नाही. हाताला जाणवलं फक्त, स्टिअरिंगला." गाइड त्या क्षणी दुसरीकडे बघत होता. कुणी पाहिलं नव्हतं. तो दोन मिनिटं तसाच बसून राहिला. पोटात कालवलं म्हणाला. मग उतरला आणि इंजिनियरला शोधत गेला.

इंजिनियर टॉर्च घेऊन आला. आधी समोरून बघितलं, मग टॉर्च विमानाच्या अंगाला अगदी समांतर धरली, म्हणजे उजेड आडवा पडतो आणि खोलगटपणा सावलीने दिसतो. मग हातमोजा काढून बोटाने चाचपलं. प्रत्येक विमानाचा एक नकाशा असतो म्हणे, त्याच्या अंगावर आजवर पडलेल्या सगळ्या पोच्यांचा. कुठला कधीचा, किती खोल, तपासून सोडलेला की नाही. इंजिनियरने तो काढून बघितला. त्या जागी नोंद नव्हती, म्हणजे नवा. मग खोली मोजली, पुस्तकात त्या जागेची मर्यादा बघितली, वर फोन केले, फोटो पाठवले. ह्या सगळ्यात तासभर गेला. प्रवासी आत बसून होते. "तांत्रिक कारणामुळे" अशी घोषणा झाली. खिडकीतून काही लोक खाली बघत होते. त्याला वाटत होतं, सगळे आपल्याकडेच बघतायत. खोली मर्यादेत निघाली, नोंद झाली, विमान गेलं.

"मग? पगार कापला?" वहिनींनी विचारलं. त्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"नाही. परत ट्रेनिंगला बसवलं, तोवर गाडी दिली नाही. रिपोर्ट लिहून घेतला." मग थोडं थांबून, "पण शिफ्टमधली पोरं दोन-चार दिवस नीट बोलली नाहीत. उशिराचा कोड आमच्यावर लागला ना. सुपरवायझर म्हणाला, बरोबर केलंस. पण ते त्याने केबिनचं दार लावून घेऊन सांगितलं. बाहेर, सगळ्यांसमोर, नाही सांगितलं."

हे दार लावून घेतलेलं "बरोबर केलंस" मला फार लागलं. नियम पाळला गेला, शिक्षा झाली नाही, विमान सुरक्षित गेलं, सगळं यथास्थित झालं. तरी ते शब्द एप्रनवर, ओल्या काँक्रीटवर, बाकीच्या पोरांच्या कानावर पडायला हवे होते. आणि आत बसलेल्या प्रवाशांच्याही. "तांत्रिक कारण" म्हणण्याऐवजी कुणी म्हणालं असतं, की सामान चढवताना गाडी विमानाला टेकली, आमच्या माणसाने ते लगेच सांगितलं, आम्ही तपासतो आहोत, तर मी तरी तासभर शांत बसले असते. कदाचित सगळे बसले नसते. पण निदान कशासाठी बसलोय ते कळलं असतं.

वहिनी आत गेल्या आणि मग तो आवाज खाली करून बोलला. लोखंडाला लागलेलं परत नीट करता येतं, म्हणाला, भीती माणसाची वाटते. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत विमान मागे ढकललं जात असताना एअर इंडियाचा एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला. आणि ३१ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत माँटगोमेरीला एक कामगार बाई. तिथली हकीकत मला जास्त छळते. त्या विमानाचं जमिनीवर वीज पुरवणारं यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून बाहेरून वीज जोडेपर्यंत इंजिनं चालू ठेवली जाणार होती. हे सगळ्यांना आधी सांगितलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. विमान आल्यावर लाल दिवाही लुकलुकत होता. तरी ती कोन हातात घेऊन इंजिनासमोरून गेली. कानावर मफ, विमान जागेवर उभं, रोजचं काम, रोजची वाट. "सांगून ठेवलं म्हणजे झालं असं नसतं काकू," तो म्हणाला. "सांगितलेलं त्या मिनिटाला आठवलं पाहिजे." मला कोनांच्या वाटेवर हात पसरून उभी असलेली ती मुलगी आठवली, तिचं ते ओरडणं. रागावलेल्या बाईंना तिने उत्तर दिलं नव्हतं. द्यायला तिच्याकडे वेळच नव्हता, तिची नजर पुढच्या माणसाच्या पायांवर होती.

वहिनी शेंगापोळ्या घेऊन आल्या आणि विषय बदलला असं आम्ही दोघांनी दाखवलं. पण त्यांनी तो बदलू दिला नाही. ताटली ठेवून त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "असं सांगतं का कोण परत? एवढं झाल्यावर?" त्याने पोळीवर तूप घेतलं आणि एक गोष्ट सांगितली. गेल्याच महिन्यातली. बार्शीकडचा एक नवा पोरगा त्यांच्या शिफ्टला लागलाय. शिडी लावत होता. लावून झाल्यावर धावत ह्याच्याकडे आला, चेहरा पांढरा. "दादा, लागल्यासारखं वाटलं. सांगू का?" विमान भरत आलं होतं, निघायला थोडा वेळ उरला होता. ह्याने त्याला काही विचारलं नाही, दंडाला धरून इंजिनियरकडे नेलं. इंजिनियरने टॉर्च लावली, एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं, हात फिरवला, परत फिरवला. काही नव्हतं. रबर आणि विमान ह्यांच्यात बोटभर फट तशीच होती, शिडी फक्त जागेवर बसताना हलली होती. मग इंजिनियरने त्या पोराला नाव विचारलं. पोरगा आणखी घाबरला, नाव कशाला पाहिजे म्हणाला. "नोंदीत लिहायला," इंजिनियर म्हणाला, "कुणी सांगितलं ते लिहितो मी." त्याने नाव लिहिलं, पुढे वेळ लिहिली, तपासलं, काही आढळलं नाही असं लिहून सही केली, आणि विमान आपल्या वेळेला सुटलं.